क्वार्टरबॅक बदलला की जेट्स सुधारतील?

१९ ऑक्टोबर २०२५ ला न्यू जर्सीतल्या मेटलाइफ स्टेडियमवर एनएफएल या अमेरिकन फुटबॉल लीगमधले न्यूयॉर्क जेट्स कॅरोलिना पँथर्सकडून १३-६ असे हरले. मोसमातला सातवा सामना, सातवा पराभव. क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्सनं पूर्वार्धात १२ पैकी ६ पास पूर्ण केले, जेमतेम ४६ यार्ड. मध्यंतरानंतर त्याला बाकावर बसवून ३६ वर्षांच्या टायरॉड टेलरला आणलं, तर त्यानं दोन इंटरसेप्शन दिली, म्हणजे त्याचे दोन पास प्रतिस्पर्ध्यांनीच झेलले.

दोनच दिवसांनी संघाचे मालक वुडी जॉन्सन पत्रकारांशी बोलले. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: असलं रेटिंग असलेला क्वार्टरबॅक असला की काम कठीणच होतं, असा क्वार्टरबॅक दिला तर कुठल्याही कोचची हीच गत होईल, आणि आपण नुसते पास जरी पूर्ण केले तरी संघ बरा दिसेल. हे बोलणं वाऱ्यासारखं पसरलं. इथे न्यू जर्सीत राहणारे आम्ही मराठी लोकसुद्धा तेच बोलू लागलो. रविवारी जेवायला जमलेल्या चार घरांत तीन जण तरी म्हणणार, "बाकी सगळं ठीक आहे रे, क्वार्टरबॅक नाही, बस."

मला हे पटत नाही, आणि का पटत नाही ते मुद्द्यागणिक मांडायचं आहे. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी दोन वाक्यं. प्रत्येक चालीत चेंडू आधी क्वार्टरबॅकच्या हातात येतो. तो फेकायचा, दुसऱ्याला द्यायचा की स्वतः घेऊन पळायचं, हे त्याला दोन-तीन सेकंदांत ठरवावं लागतं. तेवढा वेळ त्याला मिळवून देतात ते समोर उभे राहणारे पाच धिप्पाड गडी, म्हणजे ऑफेन्सिव्ह लाइन.

आधी मान्य करायचं ते मान्य करतो. फील्ड्स त्या दिवशी वाईट खेळला. तो चेंडू फार वेळ हातात धरतो, मोकळा रिसीव्हर (पास झेलणारा) दिसूनही कचरतो, आणि ही सवय तो शिकागोच्या संघात होता तेव्हापासूनची आहे. त्याची बाजू घेणं हा माझा हेतू नाही. माझा वाद "बाकी सगळं ठीक आहे" या वाक्याशी आहे.

पहिला मुद्दा रेटिंगचा, कारण मालकांनी तोच पुढे केला. पासर रेटिंग काढताना चार गोष्टी बघतात: पूर्ण झालेले पास, यार्ड, टचडाउन (चेंडू समोरच्या टोकाच्या रेषेपार नेणं) आणि इंटरसेप्शन. क्वार्टरबॅक स्वतः पळून जे यार्ड मिळवतो ते यात धरत नाहीत, आणि फील्ड्सची अर्धी ताकद तर पायांत आहे. पण हेही बाजूला ठेवू. मोसम संपला तेव्हा फील्ड्सचं रेटिंग ८९.५ होतं. नऊ सामन्यांत सात टचडाउन पास आणि एकच इंटरसेप्शन. आता २००९ आठवा. संघ हाच, मालकही हेच. तेव्हाचा नवखा क्वार्टरबॅक मार्क सांचेझ याचं रेटिंग होतं ६३. बारा टचडाउन आणि वीस इंटरसेप्शन! आणि तो संघ एएफसीच्या, म्हणजे लीगच्या दोन गटांपैकी एकाच्या, अंतिम सामन्यापर्यंत गेला; सुपर बोल या लीगच्या महाअंतिम सामन्यापासून एक पाऊल दूर. पुढच्या वर्षी पुन्हा तिथवरच पोचला. आज लीगची सरासरीच वर गेली आहे, त्यामुळे दोन्ही आकडे एका तागडीत तोलता येत नाहीत, हे खरं. तरी सांचेझ त्याच्या काळाच्या सरासरीच्याही कितीतरी खाली होता.

मग तो संघ जिंकला कशावर? समोर निक मँगोल्ड, डिब्रिकशॉ फर्ग्युसन, ॲलन फनेका यांची लाइन होती. बचावात डॅरेल रेव्हिस होता. तो ज्या रिसीव्हरवर उभा राहायचा, त्याच्याकडे चेंडू जायचाच बंद व्हायचा. कोच रेक्स रायन यांना आपला क्वार्टरबॅक कच्चा आहे हे ठाऊक होतं, म्हणून ते त्याच्याकडून मोजकंच काम करून घ्यायचे. "असा क्वार्टरबॅक दिला तर कुठल्याही कोचची हीच गत होईल" हे विधान जॉन्सन यांच्याच संघानं, त्यांच्याच मालकीत खोटं ठरवलेलं आहे.

दुसरा मुद्दा: "नुसते पास पूर्ण झाले तरी पुरे." पास पूर्ण व्हायला फेकणारा लागतो, तसा झेलणाराही लागतो आणि मधले ते तीन सेकंदही लागतात. पँथर्सच्या आधीच्या रविवारी, १२ ऑक्टोबरला, लंडनमध्ये जेट्स डेन्व्हर ब्रॉन्कोसकडून १३-११ असे हरले. त्या सामन्यात फील्ड्स नऊ वेळा सॅक झाला, म्हणजे पास फेकण्याआधीच त्याला पाडलं. पासमधून मिळाले ४५ यार्ड, सॅकमध्ये गेले ५५. म्हणजे दिवसभराच्या पासिंगचा हिशेब उणे १०! हा आकडा घेऊन लोकांनी फील्ड्सवर तोंडसुख घेतलं. नऊपैकी काही सॅक त्याच्या स्वतःच्या रेंगाळण्यामुळे झाले, हे मीही म्हणेन. पण नऊच्या नऊ? लाइनमधला अनुभवी गार्ड अलायजा व्हेरा-टकर मोसम सुरू होण्याआधीच दुखापतीनं वर्षभरासाठी बाहेर गेला होता. त्याच लंडनच्या सामन्यात गॅरेट विल्सनचा गुडघा दुखावला. हा संघाचा पहिला आणि खरं सांगायचं तर एकमेव भरवशाचा रिसीव्हर. पँथर्सविरुद्ध तो मैदानात नव्हताच. म्हणजे ज्या सामन्यावरून मालकांनी पास पूर्ण न होण्याबद्दल बोल लावला, त्या सामन्यात पास झेलणारा मुख्य माणूस नव्हता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

तिसरा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि त्याबद्दल कोणीच बोलत नाही. डिफेन्स. आमच्याकडे एक समज घट्ट बसला आहे की जेट्सचं डिफेन्स (बचाव फळी) चांगलंच असतं, ऑफेन्स (चढाई फळी) त्याची माती करतं. २०२२ मध्ये हे बऱ्याच अंशी खरं होतं. २०२५ मध्ये नव्हतं. पहिल्या पाच सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांचे गुण झाले ३४, ३०, २९, २७ आणि ३७. सरासरी एकतीसच्या वर. पिट्सबर्ग स्टीलर्सविरुद्धचा पहिलाच सामना आठवून पाहा. फील्ड्सनं २२ पैकी १६ पास पूर्ण केले, २१८ यार्ड, एक टचडाउन पासवर आणि दोन स्वतः पळून. जेट्सनी ३२ गुण केले. आणि हरले ३४-३२! समोर होता ॲरन रॉजर्स, ज्याला जेट्सनी नुकतंच सोडलं होतं. त्यानं चार टचडाउन पास फेकले. चौथ्या क्वार्टरच्या सुरुवातीला जेट्सच्या किक रिटर्नरच्या हातून चेंडू निसटला आणि शेवटी स्टीलर्सच्या किकरनं ६० यार्डांवरून फील्ड गोल (लाथेनं खांबांमधून चेंडू मारणं) केला. यातलं काय क्वार्टरबॅकच्या पदरात टाकायचं?

आणि हे सगळं एका आकड्यापुढे फिकं पडतं. २०२५ च्या अख्ख्या मोसमात, सतरा सामन्यांत, जेट्सच्या डिफेन्सनं एकही इंटरसेप्शन घेतलं नाही. एकही नाही. एनएफएलच्या इतिहासात आजवर असं कुठल्याच संघाचं झालं नव्हतं. डिसेंबरमध्ये डिफेन्सचे कोऑर्डिनेटर स्टीव्ह विल्क्स यांना काढून टाकलं. दुखणं फक्त क्वार्टरबॅकचं असतं तर ही वेळ आली नसती.

आता चौथा मुद्दा, "बदला म्हणजे सुटेल." जेट्स शेवटचे प्लेऑफमध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेरीत, खेळले ते २०१० च्या मोसमात. तेव्हापासून मोसमाचा पहिला सामना सुरू करणारे क्वार्टरबॅक असे: सांचेझ, जीनो स्मिथ, रायन फिट्झपॅट्रिक, जॉश मॅकाऊन, सॅम डार्नल्ड, झॅक विल्सन, जो फ्लॅको, ॲरन रॉजर्स, फील्ड्स. पंधरा मोसम, नऊ माणसं. ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवख्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, अगदी वरच्या क्रमांकावर घेतलेली पोरं झाली, म्हातारे झाले, अधलेमधले झाले, चार वेळा लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरलेला झाला. नऊ औषधं देऊनही ताप उतरत नसेल तर माणूस निदानावर शंका घेतो की नाही?

२०२२ मध्ये असंच झालं होतं. २० नोव्हेंबरला न्यू इंग्लंडमध्ये जेट्स १०-३ असे हरले. झॅक विल्सननं २२ पैकी ९ पास पूर्ण केले, ७७ यार्ड. उत्तरार्धात अख्ख्या ऑफेन्सचे मिळून दोन यार्ड. सामन्यानंतर तू डिफेन्सला तोंडघशी पाडलंस का असं विचारल्यावर तो नाही म्हणाला आणि सगळं गाव त्याच्यावर तुटून पडलं. मीही तुटून पडलो होतो, आणि त्याला बसवणं योग्यच होतं असं आजही म्हणतो. पुढच्या आठवड्यात माइक व्हाइट आला, ३१५ यार्ड आणि तीन टचडाउन फेकून शिकागोला ३१-१० असं हरवलं. आम्हाला वाटलं, सापडलं औषध. त्यानंतर जेट्स सलग सहा सामने हरले, आणि शेवटच्या तीन सामन्यांत एक टचडाउनसुद्धा करता आलं नाही. त्या सहा सामन्यांत व्हाइट खेळला, विल्सन खेळला, मधेच क्रिस स्ट्रेव्हलर आला, शेवटी फ्लॅकोही खेळला. पण व्हेरा-टकर आणि चेंडू घेऊन पळणारा ब्रीस हॉल दोघंही ऑक्टोबरमध्ये डेन्व्हरच्या एकाच सामन्यात वर्षभरासाठी जायबंदी झाले होते. त्यांची जागा कोण भरणार होतं?

रॉजर्सचं उदाहरण तर डोळ्यांत अंजन घालणारं आहे. २०२३ मध्ये पहिल्याच सामन्यात चौथ्या चालीला त्याची टाच गेली, ते दुर्दैव म्हणून सोडून देऊ. २०२४ मध्ये तो सतराच्या सतरा सामने खेळला. ३,८९७ यार्ड, २८ टचडाउन, ११ इंटरसेप्शन. जेट्सच्या इतिहासात त्याहून जास्त टचडाउन पास एका मोसमात फार कमी जणांनी फेकले आहेत. "पास पूर्ण करा, संघ बरा दिसेल" ही अट त्यानं पुरी केली. जेट्सची कामगिरी? पाच विजय, बारा पराभव. मोसमाच्या मधेच आधी कोच रॉबर्ट साला गेले, मग जनरल मॅनेजर जो डग्लस.

आणि इथून गेलेल्यांचं काय झालं ते बघा. जीनो स्मिथला आम्ही निकम्मा ठरवलं. सिएटलमध्ये २०२२ साली त्यानं ६९.८ टक्के पास पूर्ण केले, लीगमध्ये अव्वल, आणि १ जानेवारी २०२३ ला त्यानंच जेट्सना २३-६ असं हरवलं. डार्नल्डला तीन वर्षं इथे चोपून काढलं आणि विकलं. २०२४ मध्ये मिनेसोटात त्यानं ३५ टचडाउन पास फेकून संघाला १४ विजय मिळवून दिले, आणि फेब्रुवारी २०२६ मध्ये सिएटलचा क्वार्टरबॅक म्हणून त्यानं सुपर बोल जिंकला. झॅक विल्सन मात्र इथून जाऊनही उभा राहिला नाही. प्रत्येक पोरगा केवळ आपल्यामुळे बिघडला असा माझा दावा नाही. जीनोही २०२५ मध्ये रेडर्सकडे गेला आणि पुन्हा ढासळला, कारण तिथली लाइनही मोडकी होती. क्वार्टरबॅक भोवतालच्या संघाबरोबर तरतो आणि बुडतो, हेच तर मी सांगतो आहे.

एक गोष्ट मनाला फार लागली. फील्ड्सला मार्च २०२५ मध्ये दोन वर्षांचा चार कोटी डॉलरचा करार देऊन आणलं ते याच संघानं. तो कसा खेळतो याच्या चार वर्षांच्या फिती सगळ्यांसमोर होत्या. निवडणारे वेगळे, आणि चुकल्यावर भर पत्रकारांसमोर ज्याचं नाव न घेता उद्धार होतो तो २६ वर्षांचा पोरगा वेगळा. आपल्याकडे कर्त्या माणसानं घरातल्या धाकट्याचं चारचौघांत असं काढलं तर त्या माणसालाच लोक बोलतात.

त्या बोलण्यानंतर पाचच दिवसांनी फील्ड्स सिनसिनाटीत खेळला. २४४ यार्ड, चौथ्या क्वार्टरमध्ये १५ गुणांची पिछाडी भरून निघाली, जेट्स ३९-३८ असे जिंकले. डिफेन्सनं ३८ गुण दिले होते, त्याच क्वार्टरबॅकनं सामना ओढून नेला. पुढच्या आठवड्यात, ४ नोव्हेंबरला, सॉस गार्डनर आणि क्विनन विल्यम्स हे डिफेन्सचे दोन खांब संघानं विकून टाकले. भविष्यातले ड्राफ्ट पिक भरपूर मिळाले, सौदा कदाचित चांगलाही ठरेल. पण मग या मोसमातल्या पराभवांचा जाब क्वार्टरबॅकला विचारायचा नाही.

नोव्हेंबरमध्ये फील्ड्सला कायमचं बसवलं. लोकांना हवं होतं तेच झालं. टेलर आला, एक सामना जिंकला, मग तोही दुखावला. शेवटी ब्रेडी कुक नावाचा, ड्राफ्टमध्ये कोणीही न घेतलेला नवखा पोरगा उभा केला. शेवटचे पाच सामने जेट्स हरले ते ३४-१०, ४८-२०, २९-६, ४२-१० आणि ३५-८ असे. यातल्या एकाही दिवशी फील्ड्स मैदानात नव्हता.