गॅलापागोसला जाताय? मग एवढं कराच

गॅलापागोसची, म्हणजे पॅसिफिक महासागरातल्या इक्वेडोरच्या बेटांची, बोट बुक केलीत? अभिनंदन! मी नुकताच जाऊन आलोय, त्यामुळे तिथे कसं वागावं याचं ज्ञान अजून ताजं आहे. बरोबरच्या मंडळींनी ते फुकट दिलं, मीही फुकटच वाटतोय.

बोट लहान घ्या. एका गाईडमागे 16 च्या वर प्रवासी न्यायची परवानगी नाही, म्हणून कितीतरी बोटी 16 जणांच्याच असतात. याचा फायदा असा, की तुम्ही एकट्याने उशीर केलात तरी बाकीचे पंधरा जण लाइफ जॅकेट घालून खोळंबतात. एवढी सत्ता आयुष्यात पुन्हा मिळायची नाही. ‘सहाला पांगा सुटेल’ असं रात्री फळ्यावर लिहिलेलं असतं. पांगा म्हणजे बोटीवरून बेटावर नेणारी छोटी होडी. तुम्ही सहाला दात घासायला घ्या. इग्वाना, म्हणजे तिथले मोठे सरडे, कुठे पळून जातायत?

पांग्यात उतरताना खलाशी हात पुढे करतो. त्याने आपलं मनगट धरायचं, आपण त्याचं. नुसता पंजा धरला तर ओला हात निसटतो. हे पहिल्याच दिवशी करून दाखवतात. तुम्ही एका हातात मोबाईल चालू ठेवा आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं त्याला द्या. बाकीचं तो बघेल, तेवढ्यासाठीच तर ठेवलाय त्याला.

फ्लॅश मारा. बंदी आहे, पण पक्षी कुठे तक्रार करणार?

ड्रोनही न्या, त्यालाही बंदीच आहे.

वाटेच्या कडेला खुंट्या ठोकलेल्या असतात, त्यांच्या पलीकडे जा. निळ्या पायांचे बूबी हे समुद्रपक्षी जमिनीवरच अंडी घालतात, भोवती स्वतःच्या विष्ठेचं पांढरं कडं करतात, तेवढंच काय ते घर. पाय नेमका कुठे पडला हे बघत बसलात तर चांगली फ्रेम हुकेल.

फेब्रुवारीत गेलात तर अल्बट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्यांचा हट्ट धरा. ते साधारण डिसेंबरअखेर निघून जातात आणि मार्चअखेरीस परतू लागतात, पण हा काही तुमचा प्रश्न नाही. दुसऱ्या मोसमात गेलात आणि फोटो नीट आला नाही, तर बोट परत त्याच बेटाला न्यायला सांगा. मार्ग तिथल्या नॅशनल पार्कने ठरवून दिलेला असतो, 14 दिवसांत त्याच ठिकाणी बोटीला पुन्हा जाता येत नाही, हे सगळं कप्तान सांगेल. ऐकू नका. आवाज चढवा.

काळ्या खडकांवर मरीन इग्वाना एकमेकांच्या अंगावर पसरून ऊन खात असतात. गार पाण्यात शेवाळ खाऊन आलेले, अंग तापल्याशिवाय हलायची ताकद नाही. मध्येच एखादा नाकातून खाऱ्या पाण्याची पिचकारी उडवतो, ती त्याच्याच डोक्यावर पडून वाळते आणि मिठाचा पांढरा टोप तयार होतो. हे बघायला दहा मिनिटं गप्प बसावं लागतं. त्यापेक्षा टाळ्या वाजवा, म्हणजे हलतील. व्हिडिओत हालचाल हवी ना!

आता मुख्य गोष्ट, सीलसारख्या दिसणाऱ्या सी-लायनच्या पिल्लाबरोबर फोटो. त्यासाठी एस्पान्योला बेटावरची गार्डनर बे उत्तम. पिठासारखी पांढरी वाळू आणि तिच्यावर आडवेतिडवे लोळणारे सी-लायन. एकटं पिल्लू निवडा. आई मासे मारायला समुद्रात गेलेली असते, ती येईपर्यंत ते किनाऱ्यावर वाट बघत पडलेलं असतं, म्हणजे हरकत घेणारं कुणी नाही. नियम 2 मीटरचा आहे. पण पिल्लूच जवळ आलं तर? तर आपण मागे सरकायचं, असं गाईड सांगते. आमच्यातले एक गृहस्थ सरकले नाहीत. ते हाताची उशी करून त्याच्या शेजारी वाळूत आडवे झाले. बायको फोटो काढतेय, गाईड लांबून ओरडतेय, आणि हे तिला अंगठा दाखवतायत, सगळं मस्त चाललंय म्हणून. वर आम्हाला, ‘अहो, तोच आला ना माझ्याकडे!’ पिल्लाने बुटाचा वास घेतला, मिशा नडगीला लावल्या. आणि या गृहस्थांनी, नुकतंच सनस्क्रीन चोपडलेल्या हाताने, त्याच्या डोक्यापासून पाठीपर्यंत हात फिरवला. ओल्या केसांवर पांढरा पट्टा उमटला.

सी-लायनची मादी पिल्लू ओळखते ते आवाजाने आणि वासाने. किनाऱ्यावर आली की हाका मारत फिरते, पिल्लू ओरडून उत्तर देतं, मग नाकाला नाक लावून खात्री करते आणि तेव्हा कुठे दूध पाजते. दुसरीचं पिल्लू आलं तर हाकलते, प्रसंगी चावते. आता तिच्या नाकाला काय लागणार? एसपीएफ 50.

गाईडने झापलं तर यांचं उत्तर तयार होतं: ‘200 डॉलर भरलेत आम्ही.’ भरलेत, मान्य. ऑगस्ट 2024 पासून आपल्यासारख्या परदेशी पाहुण्यांना पार्कची फी 200 डॉलर झाली आहे. ती फी आहे हो, पिल्लाचं भाडं नव्हे!

जाऊ दे, आता सरळच बोलतो. ते प्राणी तुमच्यावर प्रेम करत नाहीत. त्या बेटांवर मोठे शिकारी प्राणी नव्हते, म्हणून त्यांना पळायची सवय लागली नाही, एवढंच. याच गरीबपणापायी व्हेलशिकाऱ्यांनी तिथली कासवं हजारोंनी उचलली. ती खाण्यापिण्यावाचून महिनोन्‌महिने जगतात, म्हणून ताजं मांस म्हणून जहाजाच्या तळाशी रचून नेली. पुढे माणसाने सोडलेल्या शेळ्यांनी चारा संपवला. पिंटा बेटाच्या कासवांतलं शेवटचं, लोनसम जॉर्ज, 2012 मध्ये मेलं. त्या लोकांना निदान भूक तरी लागली होती. तुम्हाला काय हवं होतं? डीपी?

तुम्ही काही लहान मूल नाही. लहान मुलं बरी, आमच्या बोटीवरची दहा वर्षांची मुलगी पूर्ण वेळ हात पाठीमागे बांधून उभी होती. पन्नाशीच्या माणसाला ‘हात लावू नका’ हे रोज सकाळी सांगावं लागतं, याची लाज वाटायला हवी. गाईडच्या खिशात पार्कचं लायसन्स आहे, तुमच्या चाळ्यांपायी ते तिचं जाऊ शकतं. ती ‘मागे या’ म्हणाली की मागे यायचं, वाद घालायचा नाही. तेवढंही जमत नसेल तर बुकिंग रद्द करा.