पिशवी काढायची हौस कुणाला असते?

गळीत हंगाम सुरू झाला की कोल्हापूरकडच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं सार असं: ऊसतोडीच्या बायका मजुरी बुडू नये म्हणून आपणहून गर्भाशयाची पिशवी काढून घेतात, सरकारी उपचार फुकट असून जात नाहीत, स्वच्छता पाळत नाहीत, आणि नवरे पैसा दारूत घालवतात. तेव्हा दोष त्यांचाच.

"आपणहून काढतात"

2019 मध्ये याच प्रश्नावर राज्य सरकारने नेमलेल्या नीलम गोऱ्हे समितीपुढे बीडमधल्या 82,309 ऊसतोड महिलांच्या पाहणीचे आकडे आले. त्यातल्या 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं होतं, म्हणजे साधारण सहातल्या एकीचं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 15 ते 49 वयाच्या भारतीय बायकांत हेच प्रमाण 3.2 टक्के होतं. दोन्हींचे वयोगट तंतोतंत जुळत नाहीत हे खरं, पण पाचपट फरक तेवढ्याने झाकला जात नाही. हौसच असेल तर ती एकाच धंद्यात इतकी का दाटावी?

कारण धंद्याच्या हिशोबात आहे. जोडप्याला मिळून 'कोयता' म्हणतात आणि उचल, म्हणजे हंगामाआधी मुकादमाकडून (टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून) मिळणारी आगाऊ रक्कम, त्या जोडीवर मिळते. बाई आजारी पडली की उरतो तो अर्धा कोयता: तोडणाऱ्यामागे मोळी बांधायला आणि वाहायला कुणी नाही. 2024 च्या दरवाढीनंतर तोडणीचा दर टनाला साडेतीनशेच्या थोडा वर गेला. जोडीने दिवसात दोन टन तोडले असं धरा, म्हणजे सातशे रुपये. एक दिवस खाडा झाला तर हे सातशे जातात, वर मुकादम खाड्याचे कापतो ते वेगळे. पाचशेचा दर सर्रास ऐकू येतो. एका दिवसाला बाराशेचा खड्डा, आणि तो उचलीच्या कर्जात चढतो. उचल फिटली नाही तर पुढचा हंगाम त्याच मुकादमाकडे. त्यात डॉक्टर म्हणतो, "पुढे कॅन्सर होईल, काढून टाका." अशा वेळी दिलेल्या होकाराला निवड म्हणायचं तर म्हणा.

शिवाय काढल्यावर सुटका नसतेच. पोटाच्या ऑपरेशननंतर साधारण सहा आठवडे जड उचलायचं नसतं, आणि मोळी डोक्यावरच न्यायची असते. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली असतील तर तिशीतच पाळी गेल्यासारखं होतं: अंगातून वाफा येतात, हाडं ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो.

"उपचार फुकट आहेत"

15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. पण हा निर्णय त्या विभागापुरता आहे. कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय सीपीआर वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे, आणि तो कारभार वैद्यकीय शिक्षण विभागाचा. महात्मा फुले जन आरोग्य योजना लागते ती भरती होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांना. 'पांढरं जातंय' म्हणून तपासून गोळ्या घेण्याचा खर्च तिच्यात येत नाही. ऑपरेशनसाठी मुकादमाकडून उचल मिळू शकते, ओपीडीसाठी कोण देतो? म्हणजे मोठ्या ऑपरेशनला वाट आहे, लहान उपचाराला नाही.

त्यात यादीचा घोळ. सपाटीवर एक प्राथमिक आरोग्य केंद्र 30,000 लोकसंख्येला, एक आशा साधारण हजाराला, आणि ही गणना गावच्या रहिवाशांची. शिरोळ-हातकणंगल्याच्या शिवारात पाच महिने खोप करून राहिलेली टोळी कुणाच्याच वहीत नसते. ओपीडीची वेळ दिवसाची, तीच फडाची.

"स्वच्छता पाळत नाहीत"

पाणी शेतातल्या मोटारीचं, ती चालू असेल तेव्हा. संडास नाही, आडोसा उसाचा, आणि तोड जसजशी पुढे जाते तसतसा तोही संपतो. मग बायका पाणी कमी पितात, लघवी धरून ठेवतात, त्यातून लघवीचा संसर्ग होतो. पाळीचं कापड उन्हात वाळवायला जागा नसते. अंग बाहेर येण्याचा (गर्भाशय खाली सरकण्याचा) तर स्वच्छतेशी काडीचाही संबंध नाही. त्याला बाळंतपणानंतर लगेच उचललेली ओझी पुरतात.

पांढरं जाणं, ओटीपोट दुखणं अशा तक्रारींवर पहिला उपाय ऑपरेशन नाही. सरकारी दवाखान्यात रंगाने ओळखायची किट असतात. पांढरं जाण्यावर हिरवं: सेक्निडाझोल 2 ग्रॅम आणि फ्लुकोनाझोल 150 मिलिग्रॅम, एकदाच. ओटीपोट दुखत असेल तर पिवळं: सेफिक्झिम एकदा, मेट्रोनिडाझोल आणि डॉक्सिसायक्लिन 14 दिवस. आधी गरोदर नाही ना हे बघायचं, कारण डॉक्सिसायक्लिन गरोदरपणात चालत नाही. पिवळं दिलं तर नवऱ्यालाही औषध द्यायचं, नाहीतर संसर्ग परत येतो. गाडं इथेच अडतं: दोन दिवसांत दुखणं थांबलं की गोळ्या सुटतात, आणि तिसऱ्या दिवशी फेरतपासणीला जायचं तर पुन्हा खाडा.

कॅन्सरच्या भीतीवर व्हीआयए तपासणी आहे. तिशीपुढच्या बाईच्या गर्भाशयमुखाला 5 टक्के ॲसिटिक ॲसिड लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठतो का बघायचं. उठला तरी तो कॅन्सरच असतो असं नाही, पुढची तपासणी करायची. प्रशिक्षित नर्स हे करू शकते. लागतं काय, तर टेबल, उजेड आणि पडदा.

"दारू पितात"

काही पितात. बायकोची पिशवी त्याने जात नाही. मात्र मेट्रोनिडाझोल चालू असताना दारू घ्यायची नसते, एवढं किट देताना दोघांनाही सांगायचं.

हंगामात एखादी संध्याकाळ, गाड्या भरायच्या आधी, कारखान्याच्या तळावर तपासणी लागली तर खाडा पडत नाही. पिवळं किट 14 दिवसांचं एकदमच मिळतं. फेरतपासणी तिसऱ्या दिवशी तळावरच ठेवायची आणि काय दिलं ते मराठीत लिहिलेला कागद बाईच्या हातात द्यायचा, कारण हंगाम संपवून गावी परतल्यावर एप्रिलात ती बीडच्या दवाखान्यात असेल आणि तिथल्या डॉक्टरला कोल्हापुरात काय झालं हे त्या कागदावरूनच कळेल.