कृष्णामाई फुकट, मग पाणीपट्टी कसली? एका फॉरवर्डला उत्तर

पाणीपट्टी वाढणार अशी नुसती कुणकुण लागली, की साताऱ्यात एक संदेश हमखास फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, खाली जोडलेल्या हातांच्या खुणा वाढतात, आशय मात्र तोच. पाणी निसर्गाचं आहे, कृष्णामाई कुणाकडून पैसे घेत नाही, मग पालिका कशाचे घेते? जिल्ह्यात १०५ टीएमसीची कोयना आहे, कासच्या धरणाची उंचीही वाढवली, तरी दरवाढ कशी? घरपट्टी भरतो त्यात पाणी आलंच की. सुप्रीम कोर्टानं पाणी मूलभूत हक्क ठरवलाय, तेव्हा ते मोफतच हवं. मीटर ही तर खासगीकरणाची पहिली पायरी. आणि शेवटी आवाहन : सगळ्यांनी मिळून बिल भरायचं थांबवा, पालिका कुणाचाही नळ तोडू शकत नाही.

संदेशातला राग खोटा नाही. ज्याच्या नळाला करंगळीएवढी धार येते आणि पावसाळ्यात तीही गढूळ, त्यानं दरवाढीचं कौतुक करावं अशी अपेक्षा कुणी ठेवू नये. पण रागासाठी दिलेली कारणं जवळजवळ सगळी चुकीची आहेत, आणि त्यामुळे ज्या गोष्टीचा जाब विचारायला हवा ती नेमकी सुटते.

कृष्णामाईपासूनच सुरुवात करू. ती पैसे घेत नाही हे अगदी खरं, आणि गंमत म्हणजे पालिकाही नदीच्या पाण्याचे फारसे घेत नाही. नदीतून किंवा धरणातून उचललेल्या कच्च्या पाण्याचा दर महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण ठरवतं. २००५ च्या कायद्यानं आलेली ही संस्था. घरगुती वापरासाठीचा तो दर हजार लिटरमागे पैशांत मोजण्याइतका किरकोळ असतो. बिलातली उरलेली रक्कम लागते ती पाणी उचलायला, गाळायला, शुद्ध करायला आणि घरापर्यंत आणून पोचवायला.

आणण्याची किंमत किती होऊ शकते, हे आपल्या शेजारच्या जिल्ह्यानं अख्ख्या देशाला दाखवलंय. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेतून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या फेरीत दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पाणी याच कृष्णेचं. पुढच्या महिन्यात रेल्वेनं लातूरच्या जिल्हा प्रशासनाकडे सुमारे ४ कोटींचं बिल पाठवलं, तोवर वाहून नेलेल्या ६ कोटी २० लाख लिटरचं. भागाकार करून बघा : हजार लिटरला साडेसहाशेच्या घरात. आणीबाणीतला खर्च होता तो, रोजच्या पाणीपट्टीशी त्याची तुलना करायची नाही. पण कृष्णामाईनं त्या पाण्याचा एक पैसा घेतला नव्हता, तरी बिल आलंच.

आता रोजचा हिशेब. हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला नुसत्या भौतिकशास्त्राप्रमाणे पाव युनिटाहून थोडी जास्त वीज लागते. पंप आणि मोटारीत जाणारी वीज धरली की आकडा ०.४ युनिटाच्या आसपास जातो. युनिटला सात-आठ रुपये धरले, तर हजार लिटरला तीन रुपये नुसते चढवण्याचे. आता समजा उचललेल्या हजार लिटरांतले चारशे वाटेतच गळाले, तर घरात पोचलेल्या हजार लिटरांना वीज पाच रुपयांची पडते. तुरटी, क्लोरीन, दुरुस्त्या, पहाटे चारला उठून व्हॉल्व्ह सोडणाऱ्याचा पगार, हे सगळं यानंतरचं. वीज महागली की हा आकडा आपोआप वर जातो, त्यासाठी सभागृहात ठराव व्हावा लागत नाही.

साताऱ्यात हा फरक समजून घ्यायला लांब जायला नको. कासचं पाणी डोंगरावरून उतारानं येतं. पूर्वी उघड्या पाटानं यायचं, आता बंद जलवाहिनीनं. त्याला विजेचा पंप लागत नाही. शहापूर योजनेचं पाणी उरमोडी नदीतून उपसावं लागतं. एकाच शहरात, एकाच पालिकेचं पाणी, पण एका पेठेत गुरुत्वाकर्षणाच्या कृपेनं आलेलं आणि दुसरीकडे महावितरणच्या मीटरवर आलेलं. ‘आमच्या आज्याच्या वेळी पाणी किती स्वस्त होतं’ असं म्हणणाऱ्यांनी आज्याच्या घरी कासचं पाणी होतं का शहापूरचं, एवढं आठवून बघावं. शहर वाढलं ते कासच्या भरवशावर वाढलेलं नाही.

कोयनेच्या १०५ टीएमसीबद्दल थोडक्यात. सातारा शहर कोयनेचं पाणी पीत नाही. शहराचं आणि उपनगरांचं पाणी कास, उरमोडी आणि कृष्णा यांवर चालतं. मे महिन्यात संगम माहुलीला कृष्णेत जे पाणी दिसतं, ते वर धोम आणि कण्हेरमधून सोडलेलं असतं. कोयनेवर खरी मदार आहे ती खाली सांगलीची. विसर्ग थांबला की तिथल्या पात्राची काय दशा होते ते सांगलीकरांनाच विचारा. पावसाचंही तसंच. महाबळेश्वर भिजून चिंब होतं तेव्हा त्याच जिल्ह्यात माण-खटाव आभाळाकडे बघत बसलेलं असतं. शेजाऱ्याची विहीर तुडुंब आहे म्हणून आपला रांजण भरत नाही.

कासची उंची वाढली, साठा जवळपास पाचपट झाला, हेही खरं. पण शहरात रोज किती पाणी उतरणार हे तळ्याच्या साठ्यावर ठरत नाही, जलवाहिनीच्या व्यासावर ठरतं. वाढलेल्या साठ्याचा मुख्य फायदा म्हणजे उन्हाळ्यात तळाला जायची वेळ येत नाही. त्या साठ्याचा पुरेपूर उपयोग करायचा तर मोठी वाहिनी, मोठं शुद्धीकरण केंद्र आणि नव्या टाक्या लागतात. थोडक्यात, धरण मोठं झालं की खर्च संपत नाही, पुढचा सुरू होतो. नारळ फोडताना हे कुणी सांगत नाही, त्याला काय करायचं!

घरपट्टीचा मुद्दा मात्र बारकाईनं बघण्यासारखा आहे, कारण तो ऐकायला सगळ्यात पटतो. घरपट्टीचं बिल एकदा उघडून वाचा. सामान्य कर, वृक्ष कर, अग्निशमन कर अशा ओळी दिसतील. शिक्षण कर दिसेल. तो पालिका गोळा करते, पण जातो राज्य सरकारच्या तिजोरीत. उरलेल्या सामान्य करातून झाडलोट, दिवाबत्ती, गटारं, रस्त्यांची डागडुजी करायची. पूर्वी पालिकांना जकात होती, हातात रोकड यायची. १९९९ साली नगरपालिकांची जकात बंद झाली आणि तिच्या जागी सरकारी अनुदान आलं. मुंबईहून येईल तेव्हा येणारं. त्यामुळे पाणी खात्यातला तोटा ‘इकडून तिकडून’ भरून काढायची सोय आटली.

लोक विचारतात, योजनांना कोट्यवधींचा निधी येतो, तो कुठे जातो? येतो, खरंच येतो. २०१५ पासून अमृतसारख्या योजनांतून टाक्या, वाहिन्या, शुद्धीकरण केंद्रं बांधायला केंद्र आणि राज्याचे पैसे मिळतात. पण ते बांधायला. बांधलेलं रोज चालवायचं वीजबिल त्यातून मिळत नाही. ते स्थानिक संस्थेनं आपल्या पायावर उभं करायचं असतं. म्हणजे फीत कापणाऱ्याचा फोटो निघतो दिल्ली-मुंबईच्या पैशावर, आणि बिल येतं आपल्या दारात. राग इथे काढायचा असेल तर माझी ना नाही.

हक्काचं काय? १९९१ च्या सुभाषकुमार विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं प्रदूषणमुक्त पाणी आणि हवा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. पाणी फुकट द्या असं त्यात म्हटलेलं नाही. संयुक्त राष्ट्रांनी २०१० मध्ये पाण्याचा मानवी हक्क मान्य केला, तिथेही भर परवडण्यावर आहे. उदाहरण म्हणून दिल्लीचं नाव घेतलं जातं, तर तिथली महिन्याला २० हजार लिटर मोफतची सवलतसुद्धा चालू मीटर असलेल्यालाच होती, आणि मर्यादा ओलांडली की पूर्ण बिल. ज्याला परवडत नाही त्याला पहिले काही हजार लिटर नाममात्र दरात मिळायलाच हवेत. पण ते देण्यासाठी कोण किती वापरतो हे आधी कळायला पाहिजे.

म्हणजे आलोच मीटरपाशी. संदेशातला हा भाग मला सगळ्यात घातक वाटतो, कारण त्यानं गरिबाच्या नावानं श्रीमंताची बाजू घेतलीय. मीटर नसलं की नळाच्या इंचावर वर्षाची ठरावीक पट्टी. अर्धा इंची नळ जुन्या वाड्यातल्या दोन खोल्यांत राहणाऱ्या म्हाताऱ्या जोडप्यालाही आणि अर्धा इंचीच नळ अंगणात बाग, गच्चीवर दोन टाक्या आणि दारात रोज धुतली जाणारी गाडी असलेल्या बंगल्यालाही. दोघांची पट्टी सारखी. वर बंगलेवाला नळाला मोटार लावून पाणी खेचतो, त्यामुळे उताराच्या शेवटच्या घराला धारच येत नाही. ठरावीक पट्टीत वाढ केली की तीही दोघांवर सारखीच बसते. अशा वाढीला विरोध करा, जरूर करा. पण त्यावरचा इलाज मीटर हाच आहे.

शहरांसाठीचं सर्वसाधारण प्रमाण माणशी दिवसाला १३५ लिटर. पाच माणसांच्या घराला महिन्याला साधारण २० हजार लिटर. तेवढ्यापर्यंत कमी दर आणि त्यापुढे टप्प्याटप्प्यानं चढता दर, हे करायला कुठल्याही खासगी कंपनीची गरज नाही. कऱ्हाडला खेटून असलेल्या मलकापुरानं ते २००९ च्या सुमारास करून दाखवलं. तेव्हाची ती एक साधी नगरपंचायत. कोयना नदीचं पाणी, महाराष्ट्र जीवन प्राधिकरणानं आखलेली योजना, प्रत्येक नळाला मीटर, चढता दर आणि चोवीस तास पाणी. आपल्याच जिल्ह्यात, तासाभराच्या अंतरावर. साताऱ्याच्या उपनगरांतही हेच जीवन प्राधिकरण मीटरवरच बिल देतं, आणि ती राज्य सरकारची संस्था आहे. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी असतील, पण त्याला खासगीकरण कुणी म्हणू शकत नाही.

खासगीकरणाची भीती अगदीच हवेतली आहे असंही नाही. नागपुरात २०१२ पासून पाणीपुरवठा खासगी कंपनीकडून चालवून घेतला जातो, आणि त्यावर तिथे वर्षानुवर्षं वाद चाललाय. म्हणून डोळ्यांत तेल घालून बघायचं ते कंत्राटाकडे. मीटर कुणाचा, वसुली कुणाची, दर ठरवायचा अधिकार कुणाकडे, हे प्रश्न सभेत विचारायचे. मोजणीलाच विरोध केला तर गळतीचा आकडासुद्धा आपण कायमचा झाकून ठेवतो. केंद्रानं सेवांसाठी ठरवलेल्या निकषांत बिलाविना जाणारं पाणी २० टक्क्यांच्या आत असावं असं म्हटलंय. आपल्या शहरात ते किती आहे, हे टाकीच्या तोंडाशी आणि नळाच्या तोंडाशी दोन्हीकडे मोजल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही, पाणीपुरवठा अभियंत्यालाही नाही.

मलकापूरचं चोवीस तास पाणी म्हणजे चैन असं काहींना वाटतं. उलट आहे. पाणी ठरावीक वेळेला सोडून बंद केलं, की वाहिनी रिकामी होते आणि जिथे सांधा खिळखिळा असेल तिथून बाहेरचं पाणी आत ओढलं जातं. बहुतेक ठिकाणी सांध्याशेजारी गटार असतंच. वरून लोकांच्या मोटारी खेचायला असतातच. पहिली पाच मिनिटं वास येणारं पाणी येतं ते यामुळे. वाहिनीत कायम दाब असेल तर बाहेरचं काही आत शिरत नाही, आणि साठवायची गरज नसल्यानं शिळं म्हणून ओतून देणंही थांबतं.

राहिलं शेवटचं आवाहन, बिल न भरण्याचं. पालिका नळ तोडू शकत नाही हे साफ खोटं आहे. १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात थकबाकीसाठी पाणी तोडण्याचा अधिकार आहे, आणि मार्चअखेरीस तो वापरलाही जातो. घरपट्टीच्या थकबाकीवर महिन्याला २ टक्के, म्हणजे वर्षाला २४ टक्के शास्ती चढते ती वेगळीच. संदेश लिहिणाऱ्याच्या नळाला कुणी हात लावणार नाही. तो कोण आहे हेच कुणाला ठाऊक नाही. प्लंबर बोलवावा लागेल तो ज्यानं भाबडेपणानं ऐकलं त्याला.

आणि समजा सगळ्यांनी खरंच थांबवलं, तर पहिलं काय बंद पडेल? महावितरणचं बिल थांबवता येत नाही, पगार फार काळ थांबवता येत नाहीत. थांबते ती दुरुस्ती. गळका सांधा तसाच राहतो, जुना पंप तसाच घरघरत राहतो, आणि पुढच्या वर्षी तेच पाणी आणखी महाग पडतं.

दरवाढीचा ठराव येईल तेव्हा नगरसेवकाला गाठून विचारायच्या गोष्टी वेगळ्या आहेत. पाणी खात्याचा जमाखर्च वेगळा छापून द्या. किती उचललं, किती पोचवलं, किती लिटरांचं बिल केलं, त्यातलं किती वसूल झालं, ते महिन्याच्या महिन्याला सांगा. मोठ्या थकबाकीदारांची यादी लावा, त्यात सरकारी कार्यालयं असतील तर तीही. आणि हे आकडे न देता दरवाढ मांडली, तर ती सभेतच अडवा, आणि आकडे माहितीच्या अधिकारात अर्ज करून मागा. दहा रुपयांचा तो अर्ज आहे.