नॅनोट्यूब आल्या म्हणून केमो संपलेली नाही

“केसाच्या पन्नास हजाराव्या हिश्शाइतकी बारीक कार्बनची नळी. तिच्यात औषध भरतात, ती थेट कर्करोगाच्या पेशीत शिरते, निरोगी पेशींना धक्काही लागत नाही. कार्बन शरीरातच असतो, त्यामुळे अपाय शून्य. उपचार सुरू झाले आहेत, केमो विसरा.” कार्बन नॅनोट्यूबबद्दल असा मजकूर सर्रास पुढे पाठवला जातो. नळीच्या जाडीचा आकडा बरोबर आहे. बाकीचं बहुतेक चूक किंवा अर्धवट आहे, आणि ते उपचार चालू असलेल्या माणसाच्या हातात पडतं, म्हणून उत्तर द्यायलाच हवं.

“नळीत औषध भरतात.” बऱ्याच प्रयोगांत औषध आत नसतंच, ते बाहेरच्या भिंतीवर असतं. डॉक्सोरुबिसिन या कर्करोगावरच्या औषधाच्या रेणूतली सपाट कडी कार्बनच्या षटकोनी जाळीवर घट्ट बसतात आणि आम्लता वाढली की पकड सैल होते. गाठीचा भाग रक्तापेक्षा थोडा आम्लधर्मी असतो, त्याचाच हा फायदा. कल्पना खरोखर देखणी आहे, उंदरांवर चांगले निकालही मिळालेत.

“थेट कर्करोगाच्या पेशीत शिरते.” शिरेतून दिलेला कण रक्त नेईल तिकडे जातो, आणि यकृत व प्लीहा असे कण गाळून अडवतात. टोरांटो विद्यापीठाच्या गटाने २०१६ मध्ये दहा वर्षांचे प्रयोग एकत्र तपासले. निरनिराळ्या नॅनोकणांच्या दिलेल्या मात्रेपैकी गाठीपर्यंत पोचलेला हिस्सा, मध्यक काढला तर, होता ०.७ टक्के.

“कार्बन, म्हणून अपाय शून्य.” सगळ्यात घातक वाक्य हेच. हिरा, काजळी आणि नॅनोट्यूब तिन्ही कार्बनच, पण शरीराला नुसतं मूलद्रव्य भेटत नाही. आकार, लांबी, ताठपणाही भेटतो. २००८ मध्ये एडिनबरोच्या संशोधकांनी उंदरांच्या उदरपोकळीत बहुभिंती, म्हणजे एकात एक बसलेल्या अनेक भिंतींच्या, नळ्या सोडल्या. लांब, सरळ नळ्यांनी ॲसबेस्टॉससारखा दाह केला. आखूड, गुंतलेल्या नळ्यांनी तसा केला नाही. कारण साधं आहे: भक्षक पेशी लांब तंतू पूर्ण गिळू शकत नाही, अर्धवट गिळलेल्या अवस्थेत दाहक द्रव्यं सोडत राहते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१४ मध्ये एमडब्ल्यूसीएनटी-७ ही एका प्रकारची बहुभिंती नळी ‘कदाचित कर्करोगकारक’ या २बी गटात टाकली. बाकीच्या प्रकारांबद्दल पुरावा अपुरा ठरला. शिवाय नळ्या बनवताना वापरलेलं लोह, निकेल किंवा कोबाल्ट नीट काढलं नाही तर तेही सोबत येतं.

पण यावरून “नॅनोट्यूब म्हणजे ॲसबेस्टॉसच” असं उलटं टोक गाठणंही चूक. आपल्याच पांढऱ्या पेशींतलं मायलोपेरॉक्सिडेज हे विकर (एन्झाइम) एकभिंती नळ्या तोडू शकतं, हे २०१० मध्ये दिसलं. नळी आखूड आहे का, तिच्यावर कसला लेप आहे, ती किती काळ राहते, यावर सगळं ठरतं. टायटॅनियमच्या इम्प्लांटच्या पृष्ठभागावर वाढवलेल्या टायटॅनियम डायऑक्साइडच्या नळ्या तर वेगळंच प्रकरण. त्या जागेवर पक्क्या असतात, हाडाच्या पेशींना धरायला खडबडीत आधार देतात, त्यात प्रतिजैविकही साठवता येतं. मला स्वतःला इथेच जास्त आशा वाटते.

“उपचार सुरू झाले, केमो विसरा.” कार्बन नॅनोट्यूबमधून दिलं जाणारं कर्करोगाचं एकही औषध आज नेहमीच्या उपचारात नाही. आणि त्या नळीवर चढवतात काय? डॉक्सोरुबिसिन, पॅक्लिटॅक्सेल. म्हणजे केमोच. रुग्णांपर्यंत खरोखर पोचलेलं नॅनोवाहन बघायचं तर लिपोसोम, म्हणजे मेदाची सूक्ष्म पिशवी. तिच्यातून दिल्या जाणाऱ्या डॉक्सोरुबिसिनला अमेरिकेत १९९५ मध्ये मंजुरी मिळाली. त्याने हृदयाला होणारा अपाय कमी झाला, पण तळहात-तळपायांची कातडी लाल होऊन सोलण्याचा त्रास वाढला. तुमची केमो चालू असेल तर हा मजकूर वाचून पुढची सायकल, म्हणजे केमोची ठरलेली फेरी, चुकवू नका.