आल्वेस सुटला, पण कोर्ट काय म्हणालं?

आमच्या डिचोलीच्या फुटबॉल ग्रुपवर ‘दानी आल्वेस निर्दोष, म्हणजे मुलगी खोटारडी’ असा मेसेज फिरतोय. खाली टाळ्यांची रांग. ब्राझीलचा हा फुटबॉलपटू बलात्काराच्या खटल्यातून सुटला हे खरं. बार्सिलोनाच्या कोर्टाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिलेली साडेचार वर्षांची शिक्षा कातालोनियाच्या वरिष्ठ न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये रद्द केली. कारण, दोषी ठरवण्याइतका पुरावा नाही. पण बचाव पक्षाचीच बाजू खरी, असं आपण म्हणत नाही, हेही कोर्टाने त्याच निकालात सांगितलंय. नेमकी हीच ओळ फॉरवर्ड करताना गळाली! ब्राझीलचाच फुटबॉलपटू रोबिन्यो याची सामूहिक बलात्काराबद्दलची इटलीतली नऊ वर्षांची शिक्षा २०२२ मध्ये कायम झाली, तेव्हा मात्र ग्रुपवर चिडीचूप. एकाच्या डीपीवर अजून त्याचीच पिवळी जर्सी आहे.