काळी पाच

आमच्या गावात मला दोन नावं आहेत. सोमवार ते शनिवार मी ‘सर’ असतो आणि रविवारी सकाळी ‘मास्तर’. पगार पहिल्याचाच मिळतो, बोलणी मात्र दोन्हीकडे खावी लागतात.

गाव नगर जिल्ह्यातलं, म्हणजे आताच्या अहिल्यानगर. अमेरिकन मिशनरी 1831 साली नगरला आले, शाळा काढल्या, चर्च बांधली, आणि आठवडाभर बाराखडी शिकवणाऱ्यानंच रविवारी गाणी सांगायची अशी जी खोड लागली ती आमच्या घरात अजून सुटलेली नाही. आजोबा मास्तर, पेटी वाजवायचे. वडील मास्तर, पेटी वाजवायचे. मला कुणी विचारलंच नाही.

दोन्ही कामं एकमेकांत सांडतात, हा खरा ताप. एकदा भर उपासनेत ‘गीत काढा’ म्हणायच्या ऐवजी माझ्या तोंडून ‘वह्या काढा’ निघालं. पुढच्या दोन बाकांवरच्या चाळिशीतल्या गड्यांनी, सगळे माझे जुने विद्यार्थी, खरोखर पिशव्यांत हात घातले.

पण माझं खरं दुखणं म्हणजे पहिल्या बाकावरच्या मावशी. मी काळी एकचा, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीचा सूर देतो; पुरुषमंडळींना तो झेपतो. माझा सूर विरायच्या आत मावशी आपला लावतात, आणि तो असतो काळी पाच, चांगलाच वरचा. बायका मावशींमागे जातात, पुरुष माझ्यामागे, आणि पाळकसाहेब डोळे मिटून घेतात. लोकांना वाटतं प्रार्थनेत आहेत.

तसं पाहिलं तर मावशींचीही बाजू आहे. ‘उपासना संगीत’ हे आमचं गीतांचं पुस्तक उघडलं की रेव्हरंड नारायण वामन टिळकांची पदं जागोजाग भेटतात. त्यांच्या आधी आमच्या गाण्यांत इंग्रजी चालींवर बसवलेल्या भाषांतरांचा भरणा मोठा. टिळकांनी अभंग आणले, ओव्या आणल्या. म्हणजे जात्यावरचा गळा सरळ चर्चमध्ये आला. आणि जात्यावर बसलेली बाई पेटीवाल्याला पट्टी विचारत नाही. ऑल इंडिया रेडिओनं 1940 साली पेटीवर बंदी घातली ती थेट 1971 पर्यंत. पेटीत मींड नाही, श्रुती नाहीत, अशी मोठमोठी कारणं होती. आमच्याकडे तक्रार एकच: पेटी मावशींचं ऐकत नाही.

बरं, पेटी तरी किती? एकच. मिशनच्या काळातली पायपेटी कोपऱ्यात आहे, तिच्यावर प्लास्टिकची फुलं ठेवतात. शाळेच्या पेटीचा भाता फाटलाय आणि अनुदान ‘प्रक्रियेत’ आहे. त्यामुळे 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि गॅदरिंगला चर्चचीच पेटी माझ्या स्कूटरवर पायांशी बसून शाळेत जाते. चर्चच्या पंचांची परवानगी तोंडी, मुख्याध्यापकांना पोच मात्र लेखी लागते.

यंदा गॅदरिंग संपलं 23 डिसेंबरला. दुसऱ्या दिवशी रात्री अकराला नाताळची उपासना. मी निवांत होतो, कारण यंदा कीबोर्ड होता. तो वाजवणारा पोरगा माझाच, आठवीत गणितात राहिलेला. एक बटण दाबतो आणि बाळ येशूचा पाळणा दांडियाच्या ठेक्यावर हलायला लागतो. पावणेअकराला लाईट गेली. अख्खं चर्च वळून माझ्याकडे बघायला लागलं.

मी पेटी पुढे ओढली, भाता हलवला. बोट कुठेच ठेवलं नव्हतं, तरी सूर निघाला. पांढरी चार. स्टँडवर एसटीचा हॉर्न अडकावा तसा. मोबाईलच्या उजेडात झाकण काढलं. आत एक खडूचा तुकडा, नाचातल्या कुणाची तरी टिकली, आणि उंदरानं बांधलेलं गोल, नेटकं घरटं. कागदाच्या बारीक चिंध्या होत्या. एक उचलून बघितली तर लाल शाई, माझंच अक्षर: ‘शुद्धलेखन सुधारा’. घरटं उपसलं, फुंकर मारली, पट्टीखालची सुटलेली स्प्रिंग रबरबँडनं ओढून बघितली. रबरबँड तुटला. सूर ढिम्म.

“मास्तर, सुरू करू या?” पाळकसाहेब.

आता जो सूर गप्प बसत नाही त्याला कामाला लावणं एवढंच हातात होतं. शाळेतल्या वात्रट पोराला मॉनिटर करतात तसं. पांढरी चारला पंचम, म्हणजे गाण्याचा ‘प’ करायचा, की तो तंबोऱ्यासारखा मागे घुमत राहील, कुणाला कळणारही नाही. पांढरी चार पंचम, तर षड्ज, म्हणजे ‘सा’, कुठला? मी पट्ट्यांवर बोट ठेवून मोजलं. परत मोजलं.

काळी पाच.

मेणबत्तीच्या उजेडात मावशींनी सूर लावला आणि पेटी पहिल्यांदा त्यांच्याबरोबर निघाली. मावशी क्षणभर थबकल्या, मग त्यांनी पदर सारखा केला आणि असा गळा सोडला की बाहेरची कुत्री गप्प झाली. इकडे पुरुषांचे हाल. पंचमंडळाच्या अध्यक्षांचा आवाज दुसऱ्या कडव्याला जो वर गेला तो खाली यायची वाट विसरला. बाकीचे नुसते ओठ हलवत होते. राष्ट्रगीताला माझी सहावी-ब हलवते तसे. सलग पाच गाणी.

बाहेर पडताना मावशींनी करंज्यांचा डबा माझ्या हातात कोंबला. “सलाम मास्तर. आज पेटी कशी सुरात होती! काय केलंत?”

“काही नाही मावशी, जरा साफ केली.”

सुट्टी एकच दिवसाची, त्यामुळे सव्वीसला शाळा सुटल्यावर नगरला जाऊन पेटी दाखवली. माणसानं दोन मिनिटांत स्प्रिंग बसवली, साठ रुपये घेतले. पांढरी चार गप्प झाली. 31 डिसेंबरच्या रात्रीच्या भक्तीला मी पूर्वीसारखी ऐटीत काळी एक दिली. मावशींनी तोंड उघडलं, मिटलं, आणि सगळ्या चर्चला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं,

“बिघडली का हो पुन्हा?”