संवाद काढून टाकलेलं संगीत नाटक

एखाद्या संगीत नाटकातले सगळे संवाद काढून टाका. नुसती पदं एकामागून एक म्हणा आणि नाटक कधीच न पाहिलेल्या माणसाला विचारा, गोष्ट काय होती? रॉकमधल्या कन्सेप्ट अल्बमपुढची, म्हणजे सगळी गाणी मिळून एकच गोष्ट सांगणाऱ्या अल्बमपुढची, अडचण नेमकी हीच आहे. कीर्तनात अभंग संपला की बुवा आख्यान पुढे नेतात. अल्बममध्ये दोन गाण्यांच्या मधे बोलणारं कुणीच नसतं. त्यामुळे शब्दांतून कथानक सांगायला गेलेले अल्बम बहुतेक वेळा फसतात, आणि जे टिकतात त्यांची गोष्ट चालीने पेललेली असते, असं माझं ठाम मत आहे.

'द हू' या ब्रिटिश रॉक बँडचा 'टॉमी' घ्या. मे 1969, दोन तबकड्या, सव्वा तासाच्या आसपास. कॅप्टन वॉकर युद्धात बेपत्ता होतो, मागे मुलगा जन्मतो, तोच टॉमी. कॅप्टन मेला असं सगळे धरून चालतात. तो परत येतो तेव्हा बायकोजवळ दुसरा पुरुष असतो आणि कॅप्टन त्याला ठार करतो. आता '1921' हे गाणं नीट ऐका. खून शब्दांत कुठेच नाही. आधी दोघं जण येणारं वर्ष चांगलं जाईल म्हणून गात असतात, आणि मग एकदम मुलाचं काय, त्याने सगळं पाहिलं, असा घाबरा सूर लागतो. खून त्या दोन ओळींच्या मधल्या फटीत होऊन गेलेला असतो. लगेच आईबाप मुलाला बजावतात: तू काही ऐकलं नाहीस, पाहिलं नाहीस, कुणाला काही सांगायचं नाही. मूल ते शब्दशः पाळतं. आंधळं, बहिरं, मुकं होतं. पहिल्यांदा ऐकणाऱ्या बऱ्याच जणांच्या हातून हा दुवा निसटतो आणि पुढचा तासभर ते 'या मुलाला झालंय तरी काय?' एवढंच विचारत बसतात.

शब्दांनी सोडलेली ही जागा चाल भरून काढते. 'ख्रिसमस'मध्ये बाप चिंतेत आहे, ज्याला येशूच माहीत नाही त्या पोराचा उद्धार कसा व्हायचा? गाणं जोरात, घाईत चाललेलं असतं. अचानक सगळं थांबतं आणि आतून एक मऊ आवाज येतो: मला पाहा, मला स्पर्श करा, मला बरं करा. बाहेरच्यांना तो ऐकू येत नाही, आपल्याला येतो. हीच चाल 'गो टू द मिरर'मध्ये डॉक्टर तपासत असताना येते आणि शेवटच्या गाण्यात तिसऱ्यांदा. 'ओव्हर्चर'मध्ये, म्हणजे नांदीतच, ती वाद्यांवर वाजून गेलेली असते. म्हणून ती शब्दांसकट येते तेव्हा ओळखीची वाटते. मुलगा काय भोगतोय हे सांगायला वेगळा निवेदक लागत नाही.

'टॉमी'त चुकाही ठळक आहेत. आवाज पात्रागणिक वाटलेले नाहीत. 'सेन्सेशन'मध्ये टॉमी होऊन बँडचा गिटारवादक आणि गीतकार पीट टाउनशेंड गातो आणि 'आय ॲम फ्री'मध्ये तोच टॉमी मुख्य गायक रॉजर डाल्ट्री होतो. रंगमंचावर नट मधेच बदलला तर प्रेक्षक विचारतील, इथे विचारायची सोय नाही. आंधळा-बहिरा टॉमी पिनबॉल या यंत्रावरच्या खेळात सगळ्यांना हरवतो, ते 'पिनबॉल विझर्ड' तर उशिरा घातलेलं गाणं. समीक्षक निक कोन पिनबॉलचा शौकीन होता आणि अल्बम त्याला फार जड वाटला, म्हणून ते लिहिलं गेलं. गाणं झकास आहे, तरी ठिगळ लपत नाही. मात्र ते काढलं तर पुढे गुरू झालेल्या टॉमीला एवढे भक्त मिळाले कुठून याचं उत्तरच उरत नाही. म्हणजे ठिगळाने भोकही बुजवलंय!

'पिंक फ्लॉइड' या बँडचा 'द वॉल' (नोव्हेंबर 1979) दहा वर्षांनी आला आणि त्यात कारागिरी जास्त पक्की आहे. पिंक नावाचा रॉक गायक एकेका दुखण्याची वीट रचत स्वतःभोवती भिंत उभी करतो, ही त्याची गोष्ट. निर्माता बॉब एझ्रिनने बँडचा गीतकार रॉजर वॉटर्सच्या कच्च्या मालावरून चाळीसेक पानांची संहिता लिहून काढली होती. बायकोचा व्यभिचार हा कथेतला मोठा धक्का, पण त्यावर गाणं नाही. 'यंग लस्ट' या गाण्याच्या शेवटी पिंकचा अमेरिकेतून घरी फोन लागतो, पुरुष उचलतो आणि ठेवून देतो, ऑपरेटर गोंधळते. संपलं. त्या ऑपरेटरला आपलं बोलणं ध्वनिमुद्रित होतंय याची कल्पना नव्हती, म्हणूनच तिचा गोंधळ खरा वाटतो. मिनिटभरात तीन कडव्यांचं काम झालं.

'हे यू'मधलं गिटारही लक्ष देऊन ऐका. भिंत पुरी झाली आहे, आतला माणूस मदतीला हाका मारतोय, आणि गिटारच्या सोलोखाली आधीच्या 'अनदर ब्रिक इन द वॉल'ची तीच चाल वाजते. शब्द बाहेर यायला बघतात, चाल विटा रचत राहते. या गाण्याची जागा अगदी शेवटी बदलली. तोवर पाकीट छापून झालं होतं, म्हणून जुन्या प्रतींवर त्याचे शब्द भलत्याच ठिकाणी सापडतात. आता ते दुसऱ्या तबकडीच्या सुरुवातीला आहे. भिंतीची शेवटची वीट बसली की ऐकणाऱ्याला उठून तबकडी बदलावी लागते, आणि परत सुई टेकवली की आपण भिंतीपलीकडे. मोबाइलवर ऐकताना हा मध्यंतर हरवतो. पहिल्या तबकडीतलं शेवटचं 'गुडबाय क्रुएल वर्ल्ड' संपल्यावर स्वतःहून पाच मिनिटं थांबा.

असे अल्बम ऐकताना गाण्यांचा क्रम उलटसुलट करणारं शफल बंद हवंच. क्रॉसफेडही शून्यावर आणा, नाहीतर एका गाण्याची शेपटी दुसऱ्यावर चढते. जुन्या एमपीथ्री फायलींत प्रत्येक गाण्याच्या आगेमागे कणभर शांतता चिकटलेली असते, त्यामुळे सलग वाहणाऱ्या जोडावर खट्कन तुटल्यासारखं होतं. तिथे गॅपलेस, म्हणजे मधे खंड न पाडता चालणारा प्लेअर लागतो. 'द वॉल' रिपीटवर लावा. शेवटी अर्धवट राहिलेला प्रश्न पहिल्या गाण्याच्या आरंभी पुरा होतो आणि भिंत पुन्हा उभी राहायला लागते.

'टॉमी'चा शेवट मात्र आपल्या नगरपर्यंत (आताचं अहिल्यानगर) येतो. टाउनशेंड नगरजवळच्या मेहेराबादच्या मेहेरबाबांचा अनुयायी होता आणि अल्बमच्या श्रेयनामावलीत बाबांचं नाव आहे. पुण्यात जन्मलेले बाबा 10 जुलै 1925 पासून मौनात गेले ते शेवटपर्यंत, आधी अक्षरफलकावर बोट ठेवून आणि पुढे हातवाऱ्यांनी बोलत राहिले. 31 जानेवारी 1969 ला त्यांनी देह ठेवला आणि चार महिन्यांच्या आत एका न बोलणाऱ्या मुलाची ही गोष्ट बाजारात आली. तिच्यात टॉमी बरा होतो, गुरू होतो आणि भक्तांना डोळ्यांवर पट्टी, कानात बोळे, तोंडात बूच घालायला लावतो. आपल्या अनुभवाची नक्कल म्हणजेच मार्ग, असं तो समजतो. भक्त उलटतात. त्या आरडाओरड्यातून तिसऱ्यांदा ती मऊ हाक येते आणि तिला जोडून 'तुझं ऐकताना मला संगीत लाभतं' अशा अर्थाच्या ओळी, पुन्हा पुन्हा, चढत्या आवाजात. त्या टॉमी भक्तांना म्हणतोय, भक्त टॉमीला, की दोघंही आणखी कुणाला? अल्बम सांगत नाही, आणि चाल एवढी भरलेली असते की तोवर कुणाला विचारावंसंही वाटत नाही.